तुर्भे एपीएमसीजवळचं पहाटेचं हॉटेल: मिसळ सहा, चहा नऊ, बेसबॉल दहा

आधीच सांगून टाकतो, हॉटेलचं नाव लिहीत नाहीये. मालक नानांनीच बजावलंय, "लिवा काय लिवायचं ते, पण नाव नको, आधीच पाच टेबलं हायेत." तर पाच टेबलं आहेत. भाजी मार्केटच्या बाजूने ट्रक टर्मिनलकडे चालत निघालात की टायरच्या दुकानाला खेटून एक निळं शटर दिसेल, वर बोर्ड आहे पण त्यातलं फक्त 'उपाहारगृह' वाचता येतं, बाकीचं धुराने खाल्लंय. पहाटे तीनला उघडतं, दुपारी एकला बंद. मार्केट बंद असलं की हे पण बंद, म्हणजे रविवारी नाही. हे रविवारचं लक्षात ठेवा, मी पुढे त्यावरून रडणार आहे.

आता मिसळीच्या हॉटेलचा रिव्ह्यू आणि त्यात बेसबॉल कुठून आला असं वाटेल. तर झालं असं की मी ऐरोलीत नाइट शिफ्टला आहे, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, न्यूयॉर्कच्या एका इन्शुरन्सवाल्याचं काम. कॉल सुरू व्हायच्या आधी तिकडचा मॅनेजर पाच मिनिटं मेट्सबद्दलच, म्हणजे त्यांच्या बेसबॉल टीमबद्दलच बोलायचा, आणि नुसतं हां हां किती दिवस करणार, म्हणून मी स्कोअर बघायला लागलो, मग हायलाइट्स, मग दोन सीझननंतर बायकोने विचारलं की पहाटे पाचला मोबाइलवर "आऊट, आऊट" ओरडणारा माणूस मीच का. माझ्यासारखेच अजून दोघे निघाले. एक महापेला असतो, त्याचा क्लायंट डेट्रॉइटचा, तो टायगर्सवाला. एक आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर क्लाउड सपोर्टला आहे, ती सिएटल मरिनर्सवाली, आणि तिघांत खेळ सगळ्यात जास्त तिलाच कळतो, कारण ती शाळेत असताना जळगावला सॉफ्टबॉल खेळलेली आहे, आम्ही दोघं नुसते हिशोबवाले.

आणि हिशोब हाच मुद्दा आहे. सप्टेंबरातलं बेसबॉल बघायचं कमी आणि मांडायचं जास्त असतं. तिकडच्या मेजर लीगमध्ये एकेका टीमच्या १६२ मॅच, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत जवळपास रोज, नोकरी करणारा माणूस हे सगळं बघूच शकत नाही. एप्रिल मे मध्ये कोण हरलं जिंकलं कुणाला घेणं नसतं. पण सप्टेंबर आला की ३० टीममधल्या बारा पुढे जाणार, म्हणजे दोन लीग, प्रत्येकीत तीन डिव्हिजन म्हणजे गट, तीन डिव्हिजन जिंकणारे अधिक तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतले सगळ्यात चांगले तीन, आणि मग आपण आयपीएलमध्ये मे महिन्यात बसतो तसं बसायचं, हा जिंकला पाहिजे तो हरला पाहिजे. फरक एवढाच की आयपीएलमध्ये ही बोटं मोजण्याची भानगड आठवडाभर चालते आणि इथे महिनाभर, रोज. आणि नेट रनरेट नाही. समोरच्याला कितीने हरवलंत याला शून्य किंमत, हरवलं की नाही एवढंच.

तिकडे संध्याकाळी सात दहाला मॅच सुरू झाली की आपल्याकडे पहाटेचे चार चाळीस, न्यूयॉर्क आणि आपल्यात तेव्हा साडेनऊ तासांचा फरक असतो. शिफ्ट सुटते साडेतीनला. घरी गेलो तर आवाज करता येत नाही, पोरगी लहान आहे. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसलो तर सिक्युरिटीवाला येऊन विचारतो की साहेब ओव्हरटाइम आहे का. त्या वेळेला उघडं काय असतं नवी मुंबईत? सायकलवरचा चहावाला, तो उभ्या उभ्या चहा देतो आणि पोलीस आले की सायकल मारत जातो. एपीएमसी सोडलं तर काही नाही. मार्केटला मात्र तेव्हा दुपार असते, गाड्या खाली होतायत, माथाडी पोती उचलतायत, कुणीतरी कुणाच्यातरी आईचा उद्धार करतंय, आणि या सगळ्यांना नाश्ता लागतो. कॅबवाल्याने एकदा वैतागून आम्हाला तुर्भ्याच्या सिग्नललाच उतरवलं, तिथून आम्हाला नानांचं हॉटेल सापडलं.

खाण्याबद्दल लिहितो, शेवटी रिव्ह्यू आहे. मिसळ साधी. मटकी बरी भिजलेली असते पण रस्सा पातळ, तर्री वर तरंगते आणि खाली पाणी, दुसऱ्यांदा रस्सा मागितला की अजून पातळ येतो. मी ठाण्याचा जन्म, तहसील ऑफिसशेजारी मामलेदारची मिसळ खाऊन नाक पुसत पुसत मोठा झालोय, त्यामुळे मला तिखटाचं कौतुक सांगू नका, पण इथे तिखट आहे म्हणून मीठ कमी पडलेलं लपतं असा प्रकार आहे. फरसाण मात्र ताजं, आणि पाव पहाटे साडेचारला बेकरीतून गरम येतात, त्या लादीचा वास आला की मी आपोआप टीव्हीकडे बघतो, बरोबर पहिली इनिंग सुरू होत असते (एका मॅचला अशा नऊ, प्रत्येकीत दोन्ही टीम आळीपाळीने बॅटिंग करतात, तीन आऊट झाले की पाळी बदलते). पोहे टाळा, ते तीनला करून ठेवतात आणि पाचला त्याची वडी होते. चहा नंबर एक. आलं ठेचून घालतात, किसून नाही, आणि पातेलं बदलत नाहीत, त्या पातेल्याच्या आतल्या थराला माझ्यापेक्षा जास्त वर्षं सर्व्हिस झाली असेल. कटिंग मागा, फुल मागू नका, फुलमध्ये दूध जास्त घालतात.

आता फळा. काउंटरच्या मागे भिंतीवर काळा फळा आहे, वर 'श्री' लिहिलेलं, खाली डाव्या बाजूला पदार्थ आणि दर, उजव्या बाजूला नाना कांदा, बटाटा, टोमॅटोचा त्या दिवसाचा भाव लिहितात, गिऱ्हाईक तेच विचारत असतं म्हणून. आम्ही ऑगस्टच्या शेवटाला तिथे बसून कागदाच्या नॅपकिनवर आकडेमोड करायचो. नॅपकिन ओला व्हायचा, आकडे वाहून जायचे, मग भांडण, की मेट्स साडेचार गेम पुढे की चार. एकदा नाना वैतागून म्हणाले, "ओ, तिथं खाली जागा हाय, फळ्यावर मांडा, माझे नॅपकिन संपवू नका." त्या दिवसापासून बटाट्याच्या भावाखाली दोन ओळी आमच्या.

त्यावरून प्रश्न सुरू झाले. हे अर्धं काय? साडेचार मॅच म्हणजे अर्धी मॅच कशी जिंकतात? मी समजावायला लागलो की पुढच्याचे जय वजा आपले जय, अधिक आपले पराभव वजा पुढच्याचे पराभव, भागिले दोन. नानांचं तोंड बघून मीच थांबलो. मग कोपऱ्यात बसलेले एक माथाडी काका, पाटणकडचे, तीस वर्षं पोती मोजण्यात गेलेली, ते म्हणाले, "आरं सोपं हाय की. एकानं आज खाल्ली, दुसऱ्यानं आज खाल्लीच न्हाय, तर फरक अर्ध्या प्लेटचा. दुसरा उद्या खाऊन बरोबरीत यील न्हायतर उपाशी ऱ्हाऊन पुऱ्या प्लेटनं मागं जाईल." आता तुम्हीच सांगा. एक टीम ८०-६०, म्हणजे ८० जय ६० पराभव, दुसरी ७९-६०, दुसरीची एक मॅच बाकी आहे, फरक अर्धा. मला हे समजायला अख्खा एक सीझन गेला होता आणि या माणसाने वडापाव खाताखाता सांगितलं. तेव्हापासून आमच्यात गेम्स बॅक कुणी म्हणत नाही, "किती प्लेट मागे" असंच.

मॅजिक नंबर तर त्यांना अजून आवडला. १६३ मधून पुढच्या टीमचे जय वजा करा, मग मागच्या टीमचे पराभव वजा करा, जे उरेल तो नंबर. पुढच्याचे ९० जय, मागच्याचे ७० पराभव, उरले ३. पुढचा जिंकला की एक कमी, मागचा हरला की पण एक कमी, दोन्ही झालं तर एका रात्रीत दोन, शून्य झालं की मागच्याचा विषय संपला. काका म्हणाले हे तर उधारीसारखं आहे, त्यानं फेडलं तरी कमी होतं आणि सावकार मेला तरी कमी होतं.

सगळ्यात मजा मरिनर्सवालीची झाली. त्यांचा कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, कॅल रॅली, त्याचं टोपणनाव बिग डंपर. तिकडे ते त्याच्या पार्श्वभागावरून पडलंय हे आम्ही सांगितलं नाही. ट्रकवाल्यांच्या हॉटेलात डंपर म्हटल्यावर काय होणार, सगळ्यांना वाटलं मोठी गाडी, आणि तो मारतो पण तसाच. २०२५ च्या सीझनला त्याने ६० होमरन, म्हणजे आपल्या सिक्ससारखे, मारले, कॅचरचा आधीचा रेकॉर्ड ४८ चा होता, साल्वाडोर पेरेझचा. नाशिकहून माल घेऊन येणारा एक ड्रायव्हर आहे, तो यायचा आणि चहाच्या आधी विचारायचा, "आपला डंपर किती झाला?" २५ सप्टेंबरला, म्हणजे त्यांच्याकडे २४ ची संध्याकाळ, त्याने एका मॅचमध्ये एकोणसाठावा आणि साठावा मारला आणि त्याच मॅचमध्ये सिएटलने डिव्हिजन जिंकली, २००१ नंतर पहिल्यांदा. त्यांची मॅच आपल्याकडे सात दहाला सुरू होते, तेव्हा हॉटेल खच्चून भरलेलं असतं, आणि ही मुलगी खुर्चीवर उभी. आजूबाजूचे लोक बिचारे पोहे खातायत, आणि एकाने तिच्यासाठी टाळ्या वाजवायला सुरुवात केली म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. कशासाठी ते निम्म्यांना माहीत नव्हतं. नानांनी खुर्चीवर चपलेसकट चढली म्हणून तिला बोल लावला तो वेगळा.

तक्रारी पण आहेत, नाही असं नाही. टीव्ही बत्तीस इंची, वरच्या बाजूला लावलेला, खाली भट्टी, म्हणजे दर अर्ध्या तासाने स्क्रीनवर वाफ आणि तेलाचा थर बसतो, बॉल आधीच एवढासा, त्यात तो दिसेनासा होतो, मग पोऱ्या ओल्या फडक्याने पुसतो आणि अजून पसरवतो. माझा लॅपटॉप वायरने जोडतो, लीगचं पॅकेज माझंच आहे, पैसे तिघांत वाटून. हॉटेलचं वायफाय आहे म्हणतात, कुठल्या कंपनीचं ते जाऊ दे, पण पाऊस पडला की ते चहा प्यायला जातं, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट मार्केटच्या आत नीट मिळत नाही. एकदा नवव्या इनिंगला दोन आऊट, बेसवर दोन माणसं, आणि स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र. चक्र थांबलं तेव्हा समोर जाहिरात, कोण जिंकलं ते क्लायंटच्या मेसेजवरून कळलं, तो पण एक रडका इमोजी, त्यावरून ओळखलं. आणि प्लग एकच आहे, त्यावर मिक्सर चालतो. चटणी वाटायची वेळ आली की नाना आधी विचारतात, "ही इनिंग हाय का महत्त्वाची?" हे विचारतात याचे मी दहातले दोन गुण देतो, कुठलं हॉटेल विचारेल?

आता ती रात्र. २८ सप्टेंबर २०२५, रविवार. खरं तर हॉटेल बंद असायला पाहिजे, पण त्या रात्री दुबईत आशिया कपची फायनल, भारत पाकिस्तान, म्हणून नानांनी संध्याकाळी सातलाच शटर वर केलं. आणि दुसरीकडे बेसबॉलच्या सीझनचा शेवटचा दिवस. त्या दिवशी सगळ्या मॅच एकाच वेळेला लावतात, म्हणजे कुणी दुसऱ्याचा निकाल बघून खेळू नये, तिकडे दुपारी तीन दहा, आपल्याकडे रात्री बारा चाळीस. मेट्स आणि सिनसिनाटी रेड्स, दोघंही ८३-७८. एकच जागा. मेट्स मायामीत मार्लिन्सशी, रेड्स मिलवॉकीत ब्रूअर्सशी. आणि बरोबरी झाली तर रेड्स, कारण दोघांत आपापसात झालेल्या सहापैकी चार त्यांनी जिंकलेल्या. म्हणजे आम्हाला आपली मॅच जिंकायचीच होती आणि वर रेड्स हरायला पाहिजे होते.

ज्यांना मेट्स माहीत नाहीत त्यांच्यासाठी, हीच टीम जून मध्यात ४५-२४ होती, सगळ्या लीगमध्ये सगळ्यात भारी. हुआन सोटोला पंधरा वर्षांसाठी ७६५ मिलियन डॉलरला घेतलेलं. त्यानंतर उतरण लागली ती लागलीच, सप्टेंबरात एकदा ओळीने आठ हरले. माझा क्लायंट जुना माणूस आहे, तो जुलैपासूनच म्हणत होता की मला हे माहितीये, २००७ ला १७ मॅच बाकी असताना आम्ही सात गेम पुढे होतो आणि फिलीजने गाठलं. मी त्याला म्हणायचो असं नका बोलू, शुभ बोला.

तर हॉटेलात त्या रात्री साठेक माणसं असतील, बसलेली पंधरा आणि बाकीची दारात, फुटपाथवर छत्र्या घेऊन, बाहेर धो धो. नवरात्र चालू, नाना अनवाणी, नऊ दिवस चप्पल घालत नाहीत, त्या चिखलात पण. मेनू एकच, साबुदाणा खिचडी आणि चहा. पाकिस्तान एक बाद ११३ वरून १४६ ला ऑलआऊट झाला तेव्हा छत गेलं असतं. मग आपले तीन लवकर गेले, शांतता, मग तिलक वर्मा, नाबाद ६९, आणि शेवटच्या ओव्हरला रिंकू सिंगने चौकार मारून संपवलं. मी पण नाचलो, का नाही नाचणार, पण माझा एक डोळा घड्याळावर होता.

बारा वाजून गेले. मी लॅपटॉपची वायर हातात घेऊन उभा. पण कुणी चॅनल बदलू देईना, म्हणे बक्षीस समारंभ बघून जाणार, ट्रॉफी घेतलेली बघायची. समारंभ सुरूच होईना. बारा चाळीस झाले. तिकडे पहिला बॉल पडला असेल. स्क्रीनवर रिकामं स्टेज. मी म्हटलं अहो थोडा वेळ तरी, तर मागून आवाज आला, "ए, कसला बेसबॉल, आधी कप बघू." आता सगळ्यांना माहितीये त्या रात्री काय झालं, आपल्या टीमने आशियाई क्रिकेट कौन्सिलच्या अध्यक्षांच्या, म्हणजे पाकिस्तान बोर्डाच्याच प्रमुखांच्या, हातून ट्रॉफी घेतलीच नाही, पोरांनी रिकामे हात वर करून जल्लोष केला. म्हणजे साठ माणसांनी न येणाऱ्या कपासाठी माझ्या पहिल्या इनिंग्ज खाल्ल्या.

दरम्यान लोकांना थोपवायला म्हणून मी त्यांना दुसऱ्या रिंकू सिंगची गोष्ट सांगितली. हा पण यूपीचाच. भालाफेक करायचा, २००८ मध्ये इथे जोरात बॉल फेकायची एक टीव्हीवरची स्पर्धा झाली त्यात पहिला आला, हातात आयुष्यात कधी बेसबॉल धरलेला नव्हता, आणि त्याला आणि दिनेश पटेलला पिट्सबर्ग पायरेट्सने साइन केलं. वरच्या लीगपर्यंत नाही पोचला, पुढे कुस्तीच्या शोमध्ये वीर महान म्हणून दिसला. हे ऐकल्यावर दारातला एक जण म्हणाला, "मग लावा की त्यांची मॅच." तो आता खेळत नाही हे मी सांगितलं नाही. वायर जोडली.

अर्धी गर्दी गेली, नानांनी शटर अर्धं खाली घेतलं, पोलिसांची गाडी फिरते म्हणून. आत आम्ही तिघं, काका, नाशिकवाला ड्रायव्हर, आणि सातआठ जण ज्यांना पावसात घरी जायचं नव्हतं. टायगर्सवाल्याचं आदल्या दिवशीच ठरलेलं, त्यांची वेगळीच रडकथा, जुलैत क्लीव्हलँडच्या साडेपंधरा प्लेट पुढे होते आणि डिव्हिजन शेवटी क्लीव्हलँडनेच नेली, पण वाइल्ड कार्डमधून आत आले, त्यामुळे तो निवांत. रेड्सची मॅच मरिनर्सवालीच्या मोबाइलवर, मिठाच्या बरणीला टेकवून.

चौथ्या इनिंगला मार्लिन्सने चार रन काढले. चार म्हणजे काही फार नाही, पण हॉटेलात एकदम कळलं सगळ्यांना, भट्टीचा आवाज ऐकू यायला लागला. पाचव्या इनिंगला बेस भरलेले, तिन्हीवर आमची माणसं, आणि बॅटिंगला आमचा पीट अलोन्सो. आता हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, कधीकधी बॅटचा आवाजच असा येतो की माणूस आधी उठतो आणि मग बघतो. मी उठलो. काका उठले. ड्रायव्हर तर "गेला!" म्हणाला. बॉल दोरी ताणावी तसा सरळ गेला आणि सरळ फिल्डरच्या ग्लोव्हमध्ये. दोन हात इकडे किंवा दोन हात तिकडे, बास. उठलेले सगळे तसेच उभे राहिले, बसायचं कसं हे कुणाला सुचेना, आणि त्याच वेळी पोऱ्या मागून ट्रे घेऊन आला आणि म्हणाला, "खिचडी कुणाची?"

पुढच्या चार इनिंगमध्ये आमचा एकही रन नाही. ४-०. आणि गंमत ऐका, रेड्स पण हरले. मोबाइलवर मिठाच्या बरणीला टेकून हरले. म्हणजे आम्हाला नुसतं जिंकायचं होतं, समोरच्याने दार उघडून ठेवलेलं, आणि आमच्याच्याने उंबरा ओलांडवला नाही. दोघं ८३-७९, आत कोण, तर रेड्स.

काकांना हे अजिबात पटलं नाही. "बरोबरीत हाईत ना? मग अजून एक मॅच लावा. सोक्षमोक्ष." मी सांगितलं की २०२१ पर्यंत तसंच होतं, बरोबरी झाली की १६३ वी मॅच, हरला तो घरी. २०२२ पासून बारा टीम केल्या आणि ती मॅच काढून टाकली, आता आपापसातल्या मॅच मोजतात. काका म्हणाले, "म्हंजे जुलैचं भांडण आत्ता काढायचं, जावांसारखं." मला ती १६३ वी मॅच का काढली हे कधीच कळलेलं नाही, वेळापत्रक सुटसुटीत होतं म्हणे, पण त्या पहाटे पावणेचारला माझ्याकडे काकांना द्यायला उत्तर नव्हतं. आणि मीसुद्धा त्यांच्याच बाजूचा.

नानांनी खडू घेतला, टोमॅटोच्या भावाखाली ८३-७९ लिहिलं, दोनदा, एकाखाली एक. बिल पूर्ण घेतलं. पाच खिचडी, अकरा चहा, आणि वर शटर उघडं ठेवल्याचे शंभर. मी काही बोललो नाही, कुठे जाणार होतो दुसरीकडे. बाहेर आलो तर कोथिंबिरीच्या गाड्या लागलेल्या, सगळा रस्ता ओल्या कोथिंबिरीचा वास, क्लायंटचा मेसेज येऊन पडलेला, त्यात नुसतं २००७ लिहिलेलं.

ऑक्टोबरबद्दल थोडक्यात. टायगर्सने त्याच क्लीव्हलँडला तीनच्या सिरीजमध्ये २-१ ने काढलं, टायगर्सवाल्याने सगळ्यांना भजी खिलवली. मग त्यांना सिएटलने काढलं, तेव्हा टायगर्सवाल्याने आणि मरिनर्सवालीने आपापसात बोलणं दोन दिवस बंद ठेवलं. सिएटलला टोरांटोने सातव्या मॅचला. आणि फायनलला टोरांटोला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सने, सातवी मॅच, अकरा इनिंग, ५-४, आपल्याकडे २ नोव्हेंबरची सकाळ, रविवार, आणि नानांचं हॉटेल बंद! मी फोन केला, म्हटलं नाना क्रिकेटला उघडलंत ना त्या दिवशी. म्हणाले, "क्रिकेट हाय ते." आम्ही घणसोलीला टायगर्सवाल्याच्या घरी बघितली, पंचावन्न इंची टीव्ही, एसी, सोफा, वायफाय एकदाही गेलं नाही, आणि काहीतरी चुकतंय असं पूर्ण वेळ वाटत होतं. त्याच्या आईने केलेला चहा चांगला होता पण आलं किसून. त्याच दिवशी संध्याकाळी नेरूळला डी. वाय. पाटीलवर आपल्या मुलींची वर्ल्ड कप फायनल, मरिनर्सवालीकडे तिकीट होतं, ती सकाळी पावणेदहापर्यंत डॉजर्स बघून तशीच पावसात स्टेडियमवर गेली आणि मध्यरात्री भारत जिंकल्यावर तिथून फोन, आवाज बसलेला, काय बोलतेय कळत नव्हतं. त्या एका दिवशी ती किती तास जागी होती याचा हिशोब मात्र फळ्यावर आहे, नानांनीच लिहिलाय.

बाकी कामाच्या गोष्टी. गाडी आणू नका, टेम्पोवाले दोन्ही बाजूंनी लावतात आणि सकाळी आठपर्यंत तुमची गाडी निघत नाही. ट्रेनने आलात तर सानपाडा किंवा तुर्भे स्टेशनहून रिक्षा, पण पहाटे रिक्षावाला मीटर टाकत नाही. बाई माणसासाठी कसं, असं मैत्रिणीला विचारून लिहितोय: लोक चांगले, बघतात पण त्रास नाही, मात्र टॉयलेट हॉटेलात नाही, मार्केटचं आहे आणि ते तिच्या शब्दांत "नकोच". मिसळ ८० रुपये, चहा १२, दोन माणसं अडीचशेत पोटभर. यूपीआय चालतं पण नानांचा मोबाइल पोऱ्याकडे असतो आणि पोऱ्या कुठेतरी चहा द्यायला गेलेला असतो. तीन तास एका चहावर बसलात तरी कुणी उठवत नाही, हे लिहू नका म्हणाले होते, लिहिलं. सहा वाजता मार्केटची मोठी गर्दी येते तेव्हा मात्र टेबल शेअर करावं लागतं, आणि शेजारी बसलेला माणूस हमखास विचारतो हे काय चाललंय, त्याला समजावता समजावता तुमची एक इनिंग जाते. त्याला अर्ध्या प्लेटचं उदाहरण द्या, लगेच कळतं.

आणि भजी मागवायची असतील तर साडेसहानंतर. त्याआधी कढईत कालचं तेल असतं.